दोरावरचं वजन

सुट्टीचा तिसरा दिवस बाबांच्या वेळापत्रकात 'उंची' या नावाने लिहिलेला होता. पहिला दिवस पाण्याचा, दुसरा चालण्याचा, तिसरा उंचीचा. कागद छापून आणला होता आणि डोंगरातल्या कॅम्पच्या लाकडी घराच्या दाराला आतून चिकटवला होता, म्हणजे बाहेर पडताना कुणाची नजर चुकायला नको. लोक डोंगरात आराम करायला जातात. हे कुटुंब हजेरी द्यायला आलं होतं.

बाबा कारखान्यात सुपरवायझर. कामावर दोनशे माणसं त्यांना घाबरायची आणि घरी तीन. आई त्यातली सगळ्यात जुनी. धाकटा तेरा वर्षांचा होता आणि त्याला उंचीची भीती होती. खुर्चीवर चढून बल्ब बदलायला सांगितलं तरी त्याचे पाय लटपटायचे. थोरली वीस वर्षांची, दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून घरी बसलेली. या घरात तिची ओळख तेवढीच उरली होती. पाहुण्यांना चहा देताना बाबा म्हणायचे, "ही आमची. हिने सोडलं." काय सोडलं ते सांगायचीही गरज नसायची.

त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास चौघंही घरामागच्या कड्यावर पोचले. कॅम्पचा माणूस आधीच येऊन दोर बांधून बसला होता. पन्नाशीचा, अंगाने सुकलेला, तळहातांना नुसते घट्टे. सगळे त्याला दोरवाला म्हणायचे. त्याच्या जोडीदाराला ताप भरला होता, म्हणून वरचा दोर कुणीतरी धरायला हवा होता. दोन दिवस संध्याकाळी घराजवळच्या छोट्या कातळावर त्याने चौघांनाही शिकवलं होतं, आणि आता त्याने सरळ थोरलीकडे बोट दाखवलं.

"ही धरेल. हिचा हात शांत आहे."

गेल्या दीड वर्षात तिच्याबद्दल कुणी बोललेलं ते पहिलं चांगलं वाक्य होतं. ती झाडाच्या बुंध्याशी बसून खाली मान घालून हातमोजे चढवत राहिली.

मामला साधा होता. एक दोर झाडाला पक्का बांधलेला, कमरेची कडी त्यात अडकवून उतरायचं. दुसरा दोर उतरणाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्याला, आणि वर झाडाला पट्ट्याने अडकवलेल्या लोखंडी कडीतून थोरलीच्या हातात. पहिल्या दोराचं काही बिनसलंच तर माणूस या दुसऱ्यावर लटकणार. तिने हात मागे आवळून धरला की कडीत दोर घट्ट बसतो. हात सैल केला की सुटतो. बस.

"आणि एक," दोरवाला म्हणाला. "इथे हाकेवर जायचं नाही. दोन हिसके आले तर माणूस पोचला, दोर मोकळा करायचा. तीन आले तर अडचण आहे, धरून ठेवायचं. तोंडाने कुणी काहीही सांगो."

"का?" धाकट्याने विचारलं.

दोरवाल्याने खाली दरीत पाहिलं. "खालून हाका येतात. ओळखीच्या येतात." एवढंच बोलून तो दोराला लागला आणि भराभर उतरून गेला. खाली पोचल्यावर दोन हिसके आले. थोरलीने दोर मोकळा करून वर ओढून घेतला.

तेवढ्यात धुकं चढलं. दूध उतू जावं तसं दरीतून वर आलं आणि कड्याच्या कडेवर थांबलं. चार हातांपलीकडचं दिसेना. ओल्या दगडाचा, कुजलेल्या पाल्याचा वास येऊ लागला.

"अहो, राहू द्या ना आता," आई म्हणाली. तिचं कुठलंही वाक्य या घरात अर्ज असायचा.

"वेळापत्रकात आहे," बाबांनी अर्ज फेटाळला. धाकट्याच्या पाठीवर थाप मारली. "आधी मी. मग हा. आज याची भीती मोडायची म्हणजे मोडायची. रडला तरी खाली ढकलायचं, काय?" मग कडेवर उभं राहून थोरलीकडे वळले. "धरशील ना नीट? का हेही मधेच सोडून देशील?"

तिने दोर हातात घेतला. बाबा धुक्यात उतरले. आधी पाय गेले, मग कंबर, मग लाल हेल्मेट. दोर तिच्या हातातून हळूहळू सरकत राहिला. निम्मा गेला असेल.

आणि एकदम ताठ झाला.

कडी झाडावर आपटली. तिचा हात आपसूक मागे आवळला गेला. अख्ख्या माणसाचं वजन दोरावर आलं होतं. झाडाची साल करकरत होती. दोर डावीकडे गेला, उजवीकडे गेला, मग स्थिर झाला. त्यावर तीन हिसके आले.

"काय झालं?" आईने विचारलं.

"लटकलेत. पहिल्या दोरावरून सुटलेत."

तेवढ्यात खालून स्वच्छ आवाज आला. "पोचलो! दोर ढिला कर, कमरेची कडी निघत नाहीये!"

आईचा जीव भांड्यात पडला. "पोचले गं! सोड."

थोरलीने दोराकडे पाहिलं. तो वीणेच्या तारेसारखा ताणलेला होता.

"वजन आहे यावर, आई."

"ऐकू येत नाही का वर?" आवाज चढला. तोच खर्ज, तोच शेवटचा शब्द आपटायची तीच सवय. "ढिला कर म्हणतोय ना!"

"सोड गं, चिडतील ते." आई तिच्या दंडाला धरून उभी होती. नवरा लटकलाय का पोचलाय, याचा विचार तिच्या डोक्यात नव्हताच. ते चिडतील, एवढंच होतं. वीस वर्षांत हे एक यंत्र तिच्यात पक्कं बसवलं गेलं होतं: आवाज चढला की माघार.

पुन्हा तीन हिसके आले. या वेळी कमजोर.

"आजवर सगळं सोडलंस," खालून आवाज म्हणाला. अगदी सावकाश, जवळ आल्यासारखा. "कॉलेज सोडलंस. माझं नाव घालवलंस. आणि हा एक दोर तुला सोडवत नाही?"

हे वाक्य बाबांचंच होतं. पण ते ऐकताना दोर किंचितही हलला नव्हता. बाबा हात हलवल्याशिवाय कधी बोलत नसत.

"ताई," धाकटा कुजबुजला, "सोडू नको." मग थोडं थांबून म्हणाला, "की सोड… मला कळत नाहीये."

नंतर खालून काहीच आलं नाही. धुक्यात पाण्याचे थेंब पानांवरून टपटपत होते तेवढेच. तिचा हात बधिर होऊ लागला. दोरवाला तरी वर यायला हवा होता, पण पायवाटेने वर यायला चाळीस मिनिटं लागतात, हे त्यानेच सांगितलं होतं. आता दहा मिनिटं झाली असतील, फार तर बारा.

मागे पाला वाजला.

पायवाटेवरून बाबा आले.

अंगात तेच जाकीट होतं. हेल्मेट नव्हतं, कमरेचा पट्टाही नव्हता. चढण चढून आलेल्या माणसाला असतो तसा दम लागलेला नव्हता. ते आले, आणि सरळ धाकट्यापुढे गुडघ्यांवर बसले.

"नको उतरूस तू," ते म्हणाले. "भीती वाटते तर वाटते. त्यात काय मोठंसं."

धाकट्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याने एकदम त्यांच्या गळ्यात हात टाकले. आजवर असं करायची त्याची छाती झाली नव्हती.

मग ते थोरलीपाशी आले. तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात कोमटही नव्हता, गारही नव्हता.

"कॉलेजचं तू बरोबर केलंस. मीच ऐकून घेतलं नाही. दमलीस तू. सोड आता… मी इथे आहे ना."

दीड वर्ष. दीड वर्ष ती रात्री उशीत तोंड खुपसून या वाक्याची वाट बघत होती. शब्द अन् शब्द तिने मनात घडवून ठेवले होते आणि आता ते शब्द समोर उभे राहून तिच्या डोक्यावरून हात फिरवत होते.

दोराला तीन हिसके बसले.

सगळ्यांनी ते पाहिलं. आईनेही पाहिलं. ताठ दोर, झाडाच्या सालीत रुतलेला पट्टा, कड्याच्या खाली गेलेलं ते टोक. मग तिने समोरच्या माणसाकडे पाहिलं. तो धाकट्याचं ओलं डोकं रुमालाने पुसत होता. आई बराच वेळ बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर गोंधळ नव्हता. थोरलीला आयुष्यभर याचीच भीती वाटत राहील, की त्या वेळी आईला सगळं नीट कळलं होतं.

"सोड," आई म्हणाली. हा अर्ज नव्हता.

आणि खरं सांगायचं तर थोरलीने सोडला. हातभर. बोटं आपोआप उघडली, दोर सर्रकन सरकला, खाली काहीतरी दगडावर आपटलं. एक कंप दोरातून चढत तिच्या खांद्यापर्यंत आला. जिवंत माणसाचा थरकाप होता तो. तिने दात आवळून हात मागे खेचला. कातडं सोलल्यासारखी आग झाली.

"मी नाही सोडणार," ती म्हणाली.

तिला वाटलं, आता हा ओरडेल. ओरडला असता तर कदाचित तिने विश्वासही ठेवला असता. तो हसला. "बरं. तुझी मर्जी." मग आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "गारठलीस तू. चला घरी."

"आई, थांब! धाकट्या, जाऊ नको!"

धाकट्याने वळून पाहिलं. "ताई, तूपण चल ना… ते ओरडत नाहीयेत."

तिघं धुक्यात गेली. दोर सोडून तिला उठता येत नव्हतं. उठली असती तर एक माणूस मेला असता. बसून राहिली तर दोघं चालली होती. ती नावं घेऊन ओरडत राहिली. तिचाच आवाज दरीतून फिरून परत येत होता, आणि दर खेपेला तो तिला कमी ओळखीचा वाटत होता.

किती वेळ गेला कोण जाणे. मग दोर जरासा सैल पडला. खाली कुणाचा तरी पाय टेकला होता. तिने तेवढा दोर ओढून आवळला. पुन्हा वीतभर सैल, पुन्हा आवळला. असं वीत वीत करत शेवटी कड्याच्या कडेवर लाल हेल्मेट आलं, मागोमाग सोलवटलेलं कपाळ, रक्ताने माखलेला हात. जाकिटाची एक बाही फाटून लोंबत होती. बाबा पोटावर सरपटत वर आले आणि पाल्यात उताणे पडले.

"झोपली होतीस का?" हे त्यांचं पहिलं वाक्य.

थोरली ढसाढसा रडायला लागली. बोलणी ऐकून इतकं हायसं कुणाला वाटलं नसेल.

जाकीट कमरेच्या, पहिल्या दोराच्या कडीत अडकलं होतं. शंभर वेळा बजावलेलं असताना बाबांनी ते काढायला आपल्या हातानेच कडी उघडली, आणि पहिल्या दोरावरून सुटले. चूक त्यांची होती. ते कबूल करणार नव्हते, हेही ठरलेलंच.

"घसा फुटेस्तोवर ओरडत होतो, सोडू नकोस, सोडू नकोस म्हणून. ऐकू येत नव्हतं?"

"नाही."

"मधे एकदा दोर सुटला. हातभर."

"हात निसटला."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. तिने नजर चुकवली. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "तुझी आई कुठाय?"

तेवढ्यात पायवाटेवरून दोरवाला धापा टाकत वर आला. "घरी गेलेत दोघं," थोरली म्हणाली.

"कुणाबरोबर?" दोरवाल्याने विचारलं. तिने बाबांकडे पाहिलं. तेवढ्यावरून त्याला कळलं असावं, कारण त्याने फक्त एवढंच म्हटलं, "मी खालपासून वर आलो, घराचीही वाट हीच. वाटेत कुणी भेटलं नाही."

घरापर्यंतची वाट त्यांनी कशी कापली ते तिला आठवत नाही. बाबा लंगडत होते, तिच्या खांद्यावर भार टाकून. आयुष्यात पहिल्यांदा ते तिच्यावर टेकले होते आणि तिला ते वजन नकोसं झालं होतं. दोरवाला कुंपणापाशीच थांबला. "मी आत येत नाही," म्हणाला.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत शेगडी पेटलेली. धाकटा टेबलाशी बसून पाव खात होता, पाय हलवत, काहीतरी गुणगुणत. त्याला गुणगुणताना थोरलीने किती वर्षांत ऐकलं नव्हतं. बाबांना बघताच तो गप्प झाला. त्याचे पाय थांबले.

न्हाणीघराचं दार बंद होतं. आत पाणी पडत होतं. आई दाराशी उभी होती, हातावर घडी घातलेला टॉवेल घेऊन.

"हे काय चाललंय?" बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. चढवायचा होता, पण चढला नाही. "आत कोण आहे?"

आईने त्यांचं कपाळ पाहिलं, रक्त पाहिलं, फाटकी बाही पाहिली. ती पुढे आली नाही.

"तुम्ही जरा बाहेर थांबा," ती म्हणाली. दारावर आलेल्या अनोळखी माणसाशी बोलावं तशी, सौम्यपणे.

आत पाणी थांबलं. मग बंद दारामागून मऊ आवाज आला.

"कोण आलंय गं?"

आईने थोरलीकडे पाहिलं. मग बाबांच्या डोळ्यांत डोळे घालून, मान न वळवता, तिने दाराआड उत्तर दिलं.

"कोणी नाही."