आक्काचा चेहरा

वसुधा कारखानीस सात महिन्यांनी चंद्रतळावर परतली आणि सामानही न ठेवता थेट नियंत्रण कक्षात शिरली. समोरच्या पडद्याकडे नजर गेली मात्र, तिला त्यावरच्या चेहऱ्याचे बसलेले गाल आणि निळे ओठ दिसले.

"शेडगे, आक्काला काय झालंय?"

आक्का म्हणजे पडद्यावरचा मुखपट. चाळीस माणसांना हवा पुरवणाऱ्या यंत्रणेची मापं पूर्वी दोनशे तबकड्यांवर दिसत, आणि बिघाड नेमका न पाहिलेल्या तबकडीत निघे. वसुधाने त्या सगळ्यांतून एका बाईचा चेहरा घडवला. गाळण्या तुंबल्या की गाल बसत, प्राणवायू घटला की ओठ निळे पडत. चेहऱ्यातला फरक ओळखायला माणसाला शिकवावं लागत नाही, हा तिचा सिद्धांत. त्याच्या भरवशावर आकडे आणि भोंगे तिनेच हट्टाने काढायला लावले होते.

पाळीप्रमुख हणमंत शेडगे हसला. "कुठं काय? रोज सकाळी पहिला रामराम तिलाच घालतो मी. मागच्या महिन्यात झडप अडकली, तर अर्ध्या मिनिटात वळखलं!"

"ती एका क्षणात अडकली म्हणून. रोज समोर असलेलं माणूस हळूहळू वाळत गेलं, तर घरच्यांना कळतं का? कळतं ते बाहेरून आलेल्या पाहुण्याला." एवढी साधी गोष्ट तिला स्वतःला कधी सुचली नव्हती, याची तिला भयंकर लाज वाटली. "राखीव टाक्या उघडा. आत्ताच्या आत्ता!"

"डॉक्टरांच्या किल्लीबिगर उघडत न्हाईत, मॅडम." तो उठला, पण टेबल धरून. दोन पावलांत त्याला धाप लागली. वसुधाने आता कुठे त्याच्याकडे नीट पाहिलं. ओठ जांभळे, डोळे खोल गेलेले.

"शेडगे, आरशात बघता की नाही?"

"रोज बघतो की. का हो?"

तेवढ्यात तळाच्या डॉक्टर निलोफर मुजावर आल्या. ओठ तसेच, धाप तशीच. वसुधाने एका दमात सगळं सांगून किल्ली मागितली. डॉक्टरांनी पडद्यावरची आक्का पाहिली, शेडगेला पाहिलं. दोघांत त्यांना काहीच वावगं दिसलं नाही. मग त्यांनी वसुधाकडे पाहिलं आणि त्या दचकल्या.

"अगं, ओठ केवढे लालभडक झालेत तुझे! शेडगे, धरा हिला. हिला बरं नाहीये."