चोणकीचा दोर

धोंडूला चोणक हवी होती, आणि तीही जिवंत! मुंबईकडे हिलाच जिताडा म्हणतात. अंडी घालायच्या दिवसांत मोठ्या माद्या खाडीच्या तोंडाकडे निघतात. अंड्यांच्या गाबोळीनं भरलेली एक मादी जिवंत आण, तिची पिल्लं तुझ्या तळीत सोडू, असं मत्स्यबीज केंद्रातल्या साहेबांनी कबूल केलं होतं. माशांसाठी खणलेली तळी दोन वर्षं रिकामी; गाव तिला म्हशींचं डबकं म्हणून हिणवायचं. हंगामाचे चारच दिवस उरलेले.

म्हणून तो भावजयीला घेऊन होडीतून निघाला. आईमागे सावित्रीवयनीनंच त्याला वाढवलेलं. तिसऱ्यांचे शिंपले काढून काढून खाडीचा चिखल तिला तोंडपाठ होता.

मादी मिळाली. माणसाच्या मांडीएवढी जाड, पोट टम्म! पाणी भरून आणलेल्या टोपात मावेना. मग धोंडूनं होडीच्या नांगराचा दोर सोडून तिच्या जबड्यातून ओवला आणि तिला होडीलगत पाण्यातच बांधलं. या आनंदात ओहोटीकडे बघतो कोण? कांदळवनातून जाणाऱ्या खाडीच्या अरुंद फाट्यात होडी चिखलात बसली. मादीपुरतं जेमतेम पाणी उरलं.

"उतरू नको," वयनी म्हणाली.

धोंडू ढकलायला उतरलाच. होडीच्या मागे जायला दोन पावलं टाकली आणि मांडीपर्यंत रुतला. मग कमरेपर्यंत. पाय हलवावा तर आणखी खाली! हात होडीला पोचेना.

चार तास तो तसाच रुतून होता. अंगावर डास, वर भरलेलं आभाळ, आणि हाक ऐकायला चिटपाखरू नाही. मग भरती लागली.

"तुका होडयेक बांधूक दोर व्हयो," वयनी म्हणाली. "होडी तरंगली की व्हावत जातली, आणि तू हयच ऱ्हवतलंस."

"दुसरा कायतरी बघ."

"बांबू होडी रेटूक व्हयो. आणि दुसरा काय आसा? तुझी अक्कल?"

धोंडूनं मादीकडे पाहिलं. तिचे कल्ले संथ हलत होते. दोन वर्षं! त्याचे डोळे भरून आले.

"सोड तिका," तो म्हणाला.

वयनीनं तिच्या जबड्यातून दोर उपसला. शेपटीचा एक फटका, आणि मादी गेली! दोराचं एक टोक तिनं धोंडूकडे फेकलं, दुसरं होडीला आवळलं. त्यानं काखेखालून गाठ मारली. पाणी छातीला. होडी तरंगली! वयनीनं बांबू रोवून सगळं बळ लावलं. पाणी हनुवटीला. धोंडू मागे रेलला. चिखलानं एक पाय सोडला. मग दुसरा!

होडीत पडल्या पडल्या तो ढसाढसा रडला. "गेली गो वयनी. तळी रिकामीच ऱ्हवली."

वयनी त्याच्या अंगावरचे दोराचे वळ चोळत होती.

"चोणक फुडल्या वर्साक परत येतली," ती म्हणाली, आणि तिचाही आवाज फाटला. "तू गेलंस तर तुका मी खंयसून आणू?"