मिश्रीचं कुणी विचारलंच नव्हतं

"आई, आज्जीच्या गालात आतून पांढरं झालंय," असं चार्वीनं मला सांगितलं, तेव्हा मी मटकीला मोड आलेत का ते बघत होते. चार्वी माझी मुलगी, चौथीत शिकते. आज्जी म्हणजे माझ्या सासूबाई, हौसाबाई. मी वर न बघताच म्हटलं, उष्णता झाली असेल, ज्येष्ठमध चघळायला सांग.

पुढं आज्जींनी जेवणातला मिरचीचा खरडा बंद केला. मग भाकरी दुधात कुस्करून खायला लागल्या. तेही मी पाहिलं आणि मनात म्हटलं, वय झालं. चार्वीला शिंक आली तरी मी थर्मामीटर शोधते, पण तिनं डोळ्यांनी पाहून सांगितलेल्या गोष्टीकडे मी बावीस दिवस लक्ष दिलं नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढची गोष्ट वाचताना तुम्हाला वाटेल की आमच्या घरातली मोठी माणसं फार हुशार आहेत.

ही गोष्ट २०४३ सालची, विट्याची. त्या वर्षी आमच्या तालुक्यात एका मोठ्या अभ्यासाचे यंत्रमानव घरोघर फिरत होते. आमच्या गल्लीला आलेल्याचं नाव निरू. उंची माझ्या कमरेइतकी, खाली तीन चाकं, पोटावर पडदा. उंबरा आला की तो थांबायचा आणि फार नम्रपणे म्हणायचा, "मला जरा उचलता का?" आज्जी म्हणायच्या, सगळ्या जगाचं ज्ञान डोक्यात आणि एक उंबरा चढता येईना.

निरू एक कोडं घेऊन आला होता. दिवाळीत त्यांच्या संशोधन केंद्रानं बाराशे घरांना मोबाइलवर प्रश्नावली पाठवली होती. प्रत्येक घरातल्या वयानं सगळ्यात मोठ्या बाईची माहिती हवी होती: ती काय खाते, किती चालते, कशाची सवय आहे, घराण्यात कुणाला कर्करोग झाला होता का. नंतर त्या बाराशे जणींच्या तोंडाची तपासणी सुरू झाली. आमची गल्ली शेवटची, आणि तपासायच्या राहिल्या होत्या त्या फक्त आमच्या आज्जी. निरूनं आमच्या भिंतीवर बाराशे ठिपके पाडले. एक ठिपका म्हणजे एक बाई. बरेचसे हिरवे होते, पण मधूनमधून लाल. आज्जींचा तेवढा अजून करडा.

"लाल म्हणजे तोंडात बिघाड सापडला," निरू म्हणाला. "इथे लाल ठिपके अपेक्षेपेक्षा जास्त आहेत. तोंडाच्या कर्करोगाचं सगळ्यात मोठं कारण तंबाखू. पण या बायकांपैकी जवळजवळ कुणीच तंबाखू खात नाही, असं उत्तर आलंय. मग हे होतंय कशानं?"

चार्वीनं विचारलं, की एखाद्या लाल ठिपक्याला जाऊन सरळ विचारत का नाहीत?

निरूनं तिला समजावलं. एका माणसाकडे बघून कारण कळत नाही. एखादा आयुष्यभर विड्या ओढून नव्वदीपर्यंत जगतो, तर कुणाला काही व्यसन नसताना आजार होतो. म्हणून शास्त्रज्ञ पुष्कळ माणसांचे दोन गट करतात. एका गटात एक सवय असते, दुसऱ्यात नसते. सवय असलेल्या गटात आजार जास्त दिसला, तर ती सवय जोखीम-घटक (आजार होण्याची शक्यता वाढवणारी गोष्ट) असेल, असा संशय घेतात. जोखीम-घटक असला म्हणजे आजार होणारच असं नाही आणि नसला म्हणजे होणारच नाही, असंही नाही.

मग त्यानं ठिपके हलवले. रोज खरडा खाणाऱ्या सातशे बायका डावीकडे, न खाणाऱ्या पाचशे उजवीकडे. डावीकडे सदतीस लाल, उजवीकडे दहा. म्हणजे डावीकडे शंभरात पाच, उजवीकडे शंभरात दोन.

"म्हणून सध्या संशय मिरचीवर आहे," निरू म्हणाला.

चार्वीनं कोनाड्यातल्या आज्जींच्या मिश्रीच्या डबीकडे पाहिलं. मग तिनं विचारलं, "तू मिश्रीचं विचारलंस का?"

निरूनं पडद्यावर सगळे प्रश्न वरपासून खालपर्यंत शोधले. प्रश्नावलीत तो शब्दच नव्हता. ज्यांनी ती बनवली त्यांनी धरून चाललं होतं, की मिश्री आता कुणी लावत नाही.

तुमच्यापैकी काहींना माहीत नसेल, म्हणून सांगते. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. ती बोटानं दातांना, हिरड्यांना घासतात. आमच्याकडे कितीतरी आज्या ती सकाळी लावतात, दुपारी लावतात, आणि झोपतानाही. पण त्याला कुणी तंबाखू खाणं म्हणत नाही. ते दात घासणं असतं. आमच्या घरची प्रश्नावली मी भरली होती. तंबाखूच्या प्रश्नावर मी क्षणभरही न थांबता 'नाही' लिहिलं होतं. मागच्या परसात आज्जी मिश्री भाजायच्या तेव्हा ठसका लागून मीच खिडक्या लावून घ्यायचे. तरी 'नाही'.

चार्वीनं मग आज्जीच्या गालाचंही सांगून टाकलं. या वेळी मी वर पाहिलं.

निरूनं त्याच्या हातातला निळा दिवा लावला. या उजेडात तोंडातली निरोगी त्वचा हिरवट चमकते आणि बिघडलेली जागा काळपट दिसते. आज्जींनी कुरकुरत तोंड उघडलं. पूर्ण उघडलंच नाही, दोन बोटं जेमतेम मावतील एवढंच. उजव्या गालात, जिथं त्या मिश्री लावून बसायच्या तिथंच, चण्याच्या डाळीएवढा काळा डाग दिसला.

"दिवा फक्त शंका दाखवतो," निरू म्हणाला. "खात्री डॉक्टर करतील. या आठवड्यातच जा."

आज्जींनी दवाखान्यात यायला साफ नकार दिला. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की त्यांची आई आणि थोरली बहीण दोघी तोंडाच्या कर्करोगानं गेल्या होत्या. प्रश्नावलीत 'घराण्यात कुणाला कर्करोग?' यापुढेही मी 'नाही' लिहिलं होतं, कारण सुनेला हे कुणी सांगतच नाही.

"आमच्या रक्तातच हाय ते," आज्जी शांतपणे म्हणाल्या. "आई गेली, थोरली गेली. आता माझी पाळी. रक्ताला कोण औषध देणार, रेवती?"

त्यांची नजर चार्वीवर गेली, आणि माझीही. आमच्या दोघींच्या मनात एकच आलं होतं: चार्वीही याच रक्ताची.

निरू आणि त्याचे भाऊबंद पुढचे आठ दिवस बाराशेच्या बाराशे घरी परत गेले. या वेळी त्यांनी 'हो की नाही' विचारलं नाही. चार्वीच्याच सांगण्यावरून निरूनं केंद्राला कळवलं होतं, की आज्यांना काल दिवसभरात काय काय केलं ते उठल्यापासून सांगायला लावा. मग आपोआप येत गेलं: उठले, चूल पेटवली, मिश्री लावली, चहा घेतला. आईला, बहिणींना काय झालं होतं, तेही या वेळी आज्यांनाच विचारलं.

ते आठ दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही. रोज विनवलं. चार्वीच्या बाबांनीही सांगितलं. आज्जी भाकरी कुस्करत राहिल्या.

नवव्या दिवशी सकाळी निरूला उचलून आत घेतलं. भिंतीवर पुन्हा तेच बाराशे ठिपके आले. या वेळी त्यानं मिश्री लावणाऱ्या चारशे बायका एकीकडे काढल्या. त्यांत चाळीस लाल. न लावणाऱ्या आठशे, त्यांत फक्त आठ.

"शंभरात दहा," चार्वी म्हणाली. "आणि शंभरात एक."

मग निरूनं मिश्रीवाल्या गटाचे खरडा खाणाऱ्या आणि न खाणाऱ्या असे आणखी दोन भाग केले. दोन्हीकडे शंभरात दहाच लाल. मिश्री न लावणाऱ्यांतही खरड्यानं फरक पडला नाही. मिरची निर्दोष होती. जुन्या वळणाच्या ज्या बायका मिश्री लावायच्या, त्यांच्याच ताटात खरडाही रोज असायचा, म्हणून मिरचीवर आळ आला होता. इथे मिश्री हा गोंधळकारक घटक (संशयिताबरोबर वावरणारी आणि स्वतःच आजाराची शक्यता वाढवणारी, पण मोजायची राहिल्यानं दिशाभूल करणारी गोष्ट) होता. आहाराचा मात्र थोडा वाटा दिसला. ज्यांच्या जेवणात फळं, पालेभाज्या नावालाच, त्यांच्यात लाल थोडे जास्त होते.

"आणि रक्त?" आज्जींनी विचारलं. आठ दिवसांत त्यांनी निरूला विचारलेला हा पहिलाच प्रश्न.

निरूनं काही ठिपक्यांमध्ये रेघा ओढल्या. रेघ म्हणजे आई आणि लेक. "आईकडून लेकीकडे जनुकं (शरीर कसं घडावं याच्या पेशीतल्या सूचना) जातात. त्यांचा वाटा असतो, मी नाही म्हणत नाही. पण आईकडून लेकीकडे चूल जाते, चवी जातात, सवयीही जातात. तुम्हाला मिश्री कुणी लावायला दिली?"

"आईनं," आज्जी म्हणाल्या. "बारा वर्षांची होते. दाढ दुखत होती." मग त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "धाकटी बहीण पारू तेवढी लावत नाही. तिच्या सासरी चालायचं नाही. ती धडधाकट हाय."

मला वाटलं निरू आता म्हणेल, बघा, सिद्ध झालं. पण तो म्हणाला की एका पारूबाईंवरून काहीच सिद्ध होत नाही. मग त्यानं आईला आजार झालेल्या पण स्वतः मिश्री न लावणाऱ्या लेकी तेवढ्या भिंतीवर ठेवल्या. साठ ठिपके होते. एक लाल, एकोणसाठ हिरवे.

"हे साठच आहेत, त्यामुळे ठाम बोलता येत नाही," निरू म्हणाला. "पण रक्तात असतं तेच सगळं ठरवत असतं, तर इथे पुष्कळ लाल दिसले असते."

आज्जी उठल्या, भिंतीजवळ गेल्या आणि त्या हिरव्या ठिपक्यांवरून त्यांनी हात फिरवला. ठिपके त्यांच्या हातावर आले.

"म्हंजे चार्वीचं काही लिहून ठेवलेलं नाही?"

"नाही," निरू म्हणाला. "आणि तुमचंही अजून नाही."

त्याच दिवशी आम्ही डॉ. हमीदा मुजावर यांच्याकडे गेलो. त्यांनी बायोप्सी (संशयाच्या जागेचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) केली. अहवाल येईपर्यंत आज्जींनी मिश्रीला हात लावला नाही. चिडचिड व्हायची, रात्री झोप लागायची नाही. डॉक्टर म्हणाल्या, ही शिक्षा नाही, शरीराला लागलेली सवय सुटतेय, औषध घेऊ. चार्वी दर वेळी त्यांच्या हातात बडीशेप ठेवायची. एकदा आज्जी म्हणाल्या, "ही काय मिश्रीची बरोबरी करणार?" पण खाल्ली.

अहवालात पेशी बदलायला लागलेल्या होत्या, कर्करोग झालेला नव्हता. तेवढी जागा काढून टाकली. आता दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचं. डाग पुन्हा येणारच नाही, असं कुणी म्हणालेलं नाही, आणि मीही तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. पण आज्जी तोंड उघडण्याचा व्यायाम रोज करतात, आणि आता तोंडात तीन बोटं मावतात. केंद्राच्या प्रश्नावलीत मिश्रीचा प्रश्न आला आहे. शेजारच्या तालुक्यात निरू निघाला, तेव्हा त्याच्या यादीत तो सगळ्यात वर होता.

मला अजून एक गोष्ट छळते. बावीस दिवस जर बावीस महिने झाले असते तर?

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. तुमच्याकडे निरू नसेल, निळा दिवा नसेल. त्याची गरजही नाही. उद्या सकाळी चांगला उजेड असताना तुमच्या आजीला, आत्याला, मावशीला, किंवा शेजारच्या एकट्या राहणाऱ्या काकूंना खिडकीशी बसवा. 'तंबाखू खातेस का' असं विचारू नका. मिश्री लावतेस का, असं विचारा. तोंड पूर्ण उघडतं का बघा. गालात, जिभेखाली पांढरा किंवा लाल डाग आहे का, दोन आठवड्यांहून जुनी जखम आहे का बघा. दिसलं तर घरातल्या मोठ्या माणसाला सांगा. त्यांनी माझ्यासारखं मटकीकडे बघत उत्तर दिलं, तर त्यांचा हात धरा आणि पुन्हा सांगा.