मागच्या खोलीतली ओल

घरांमधली ओल काढणं हा माझा एकवीस वर्षांचा धंदा. जगाच्या भिंती कोरड्या करत हिंडायचं आणि सख्ख्या बहिणीच्या घरी बुरशी, म्हणजे दिव्याखाली अंधार. ताईने फोनवर हेच ऐकवलं, फक्त जास्त शब्दांत. शेवटी म्हणाली, "ह्यांचा खोकला दोन महिने हटत नाहीये. डॉक्टर म्हणतात, बुरशी घालवा नाहीतर घर सोडा. घर मी सोडणार नाही. तेव्हा तू ये."

ताई मुख्याध्यापिका होती. निवृत्त झाली ती फक्त कागदावर.

घर तळमजल्यावर, दोन खोल्यांचं. मागच्या खोलीत एकच खिडकी, गुडघ्यापासून वरपर्यंत काचेची. कपाटामागच्या भिंतीवर मिरपूड उधळावी तसे काळे ठिपके, आणि वास ओल्या गोणपाटाचा. मी नळ तपासले, बाहेरची पन्हळ तपासली, बाथरूमची फरशी ठोकून पाहिली. गळती कुठेच नव्हती.

"पाणी तुमचंच आहे," मी म्हणालो. "दोन माणसं रात्रभर झोपली की अर्धा लिटर पाणी श्वासातून हवेत जातं. त्यात खिडकी बंद, कपडे घरात वाळत. गार भिंत दिसली की ते तिथे बसतं."

भाऊजींनी खोकत विचारलं, "म्हणजे मी श्वास घ्यायचा नाही?"

"घ्या. खिडकी उघडून घ्या."

"हे घोरतात, ते धरलंस का?" ताई म्हणाली. "ह्यांचं एकट्याचंच लिटरभर होईल."

तोंडाला फडकं बांधून मी बुरशी पुसली. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. कपडे बाहेर वाळवा, भांड्यांवर झाकण ठेवा, अंघोळीनंतर पंखा लावा, असं सगळं बजावलं. दोन्ही खोल्यांत दमटपणा मोजणारे मीटर टांगले. साठ टक्क्यांच्या खाली आकडा आला की बुरशी येत नाही. ताईने त्यासाठी लगेच वही घातली.

आठवड्यात पुढची खोली बावन्नवर आली. मागची चौऱ्याहत्तरवरच अडून बसली. मी दोघांना पुढच्या खोलीत झोपायला सांगितलं. मागची रिकामी, तरी चौऱ्याहत्तर. मीटर बदलला. नवा मीटरही तेच म्हणत होता.

"तुझं शिक्षण पूर्ण झालं होतं ना?" ताईने विचारलं.

भाऊजींना जरा कोरडी हवा मिळावी म्हणून दोघं आठवडाभर मुलीकडे गेली. किल्ली माझ्याकडे होती. चौथ्या दिवशी भर दुपारी मी कुलूप उघडलं. बंद घर, माणूस नाही, चूल नाही, अंघोळ नाही. पुढच्या खोलीत पन्नास.

मागच्या खोलीत एक्क्याऐंशी.

काचेवरून पाणी ओघळून खाली थारोळं झालं होतं. मी सवयीने हिशेब मांडला. खोलीचं माप, दिवस, पाणी. तो एका माणसाचा निघाला.

मग काचेवर, माझ्या तोंडाच्या उंचीवर, बशीएवढं वाफेचं वर्तुळ दिसलं. काचेला नाक लावून कुणी बाहेर बघत असावं, तसं.

ते विरलं.

पुन्हा आलं.

मी घड्याळ लावलं. मिनिटाला चौदा वेळा. निरोगी माणसाच्या श्वासाचा वेग.

मी हात लांब करून खिडकी उघडली. "हवा खेळती ठेवत जा," माझ्या तोंडून निघालं. एकवीस वर्षं गिऱ्हाइकांना तेच सांगतोय. मग निघालो. हत्यारांची पिशवी तिथेच राहिली, एक बूटही राहिला. तो रस्त्यावर आल्यावर लक्षात आला. परत गेलो नाही.

ताईला फोन करून सगळं सांगितलं.

"म्हणजे ह्यांचा खोकला त्याच्यामुळे," ती म्हणाली, आणि दुसऱ्याच दिवशी परतली. मला बोलावून घेतलं. मागच्या खोलीच्या मधोमध उभी राहून तिने शाळेतला आवाज काढला. "राहायचं तर राहा. पण रोज सकाळी सहाला खिडकी उघडायची. सताड. अर्धवट चालणार नाही."

तिच्या मागे भाऊजी मान डोलवत होते, आपल्यालाच सांगितल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडी होती. आकडी नीट अडकवलेली. मग रोजच. आकडा अठ्ठावन्नवर उतरला. तीन आठवड्यांत खोकला गेला. "आता मलाच जास्त बोलणी बसतात," भाऊजी कुरकुरले. "तो ऐकतो ना सगळं."

दोन महिन्यांनी सकाळी दहाच्या सुमारास मी सहज डोकावलो. ताईने वही पुढे केली. तीन दिवसांपासून सहासष्ट.

"खिडकी उघडत नाही का?"

"उघडतो. बरोबर सहाला, सताड. हल्ली मग एक दार लोटून घेतो." मग तिने आवाज खाली आणला. तिला तसं करता येतं हे मला माहीत नव्हतं. "हळू बोल. आत जाऊन बघ."

खिडकीचं एक दार उघडं होतं. मिटलेल्या दाराच्या काचेवर माझ्या तोंडाच्या उंचीवर बशीएवढं वर्तुळ येत होतं, जात होतं. मिनिटाला चौदा.

काचेच्या अगदी खालच्या कडेला, गुडघ्याच्या उंचीवर, दुसरं होतं. बाटलीच्या झाकणाएवढं.

मी घड्याळ लावलं. मिनिटाला तीस. लहान मुलांचं असतं तेवढं.