तिकडून लावलेला कान

भागू रात्री इतकं पाणी का पिते, या काळजीनं त्या उन्हाळ्यात माझी झोप उडाली होती. चार वर्षांची पोर. "आई, पाणी," म्हणायची. मी अंधारातच मच्छरदाणीच्या फटीतून पेला आत द्यायचे, तो रिकामा बाहेर यायचा. थोड्या वेळानं पुन्हा तेच. एका मासिकात लहान मुलांच्या मधुमेहाबद्दल वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी तिला सेवाग्रामला दवाखान्यात नेलं. रक्त, लघवी, सगळं चांगलं निघालं. डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्ही वाचणं कमी करा." भागूचे बाबा तिथंच रात्रपाळीला. त्यांनी ते वाक्य आठवडाभर मला ऐकवलं. पण पोर वाळत चालली होती. वजनकाट्याला दिसत नव्हतं, मला दिसत होतं. आयांना काय, नसलेलंही दिसतं, अशी मी माझीच समजूत घालायचे.

नालवाडीत आम्ही नानाजींकडे भाड्यानं राहायचो. नानाजी पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले. चौऱ्याऐंशी सालचा मे महिना, त्या रात्री वीज गेली होती. अंगणात बाजा टाकलेल्या. नानाजींचे दोन नातू आणि पलीकडच्या खोलीतला कॉलेजचा हिरालाल त्यांना गोष्टीसाठी छळत होते. भागू आत निजली होती, म्हणून मी दाराशीच बसले.

"गोष्ट नाई, झालेलं सांगतो," नानाजी म्हणाले. "आनंदराव नावाचा ओव्हरसियर होता. मी त्याच्या हाताखाली. गावाचं नाव नाई सांगत. तिथं अजून लोकं पाणी भरते."

शहात्तर सालचा नवतपा, मे अखेरचे सगळ्यांत तापलेले नऊ दिवस. टाकी भरायची, तरी वरच्या पुऱ्यात नळाला थेंब नाही. पाणी जातं कुठं, हे आनंदरावांना शोधायचं होतं.

"त्यानं गावचे सारे पाइप एका मोठ्या कागदावर काढले. कुठं किती घरं, किती पाणी लागन, समदा हिशेब मांडला. मंग जागोजागी दाबाचे घड्याळं बसवले. गोल कागद फिरे, शाईची सुई रेघ काढे. रात्री गाव निजते, नळ बंद होते, दाब चढते. रेघ सरळ पाह्यजे."

"नसली तर?" मी विचारलं.

"गळती. पन गळतीची रेघ एकसारखी खाली राह्यते, सूनबाई. गावाच्या टोकावरची रेघ खाली जाये... थांबे... वर ये. मंग पुन्हा खाली. घोट घेतल्यावानी."

"असन कोणाचं घर तिथं," हिरालाल म्हणाला.

"हिशेबात तिथं एक घर बसवलं का सारं जुळे. पन घर नव्हतं. आधी वस्ती होती. पाइप पोचला तवा कोणी राह्यलं नव्हतं."

"काऊन? कुठं गेले?"

"तहानेनं गेले," नानाजी म्हणाले.

"म्हंजे भूत पाणी पेये! मंग नळपट्टी कोण भरे, नानाजी?"

पोरं खिदळली. नानाजी हसले नाहीत.

"शनवार होता. वैशाख अमावस्या. आनंदराव सळई घेऊन निंघाला, मी कंदील धरला."

ही सळई म्हणजे लोखंडी दांडा, वरच्या टोकाला लाकडाची वाटी. खालचं टोक पाइपवर टेकवून वाटीला कान लावला, की जमिनीखालचं पाणी ऐकू येतं.

"गळतीचा आवाज येते, स्स्... असा. त्याले आला, गट्. गट्. मंग दम खाल्ला. मंग गट्. मले म्हणे, ऐक. म्या नाई म्हटलं. मंग त्यानं चावी घेतली अन् व्हॉल्व्ह बंद केला. म्हणे, कोणी चोरून पेऊन राह्यलं असन, तं मरू दे तहानेनं."

दुसऱ्या दिवशी वरच्या पुऱ्यात पाणी चढलं. लोकांनी आनंदरावांना हार घातला. टोकावरची रेघ सरळ झाली. आणि त्यांच्या स्वतःच्या गल्लीतली रेघ खाली गेली... थांबली... वर आली.

"सकाळी त्याच्या घरचा रांजण रिकामा. झाकण तसंच्या तसं. रोज. अन् पोरगं वाळत चाललं."

माझा हात दाराच्या कडीवर गेला.

"घाबरला तो. धावत गेला, टोकाचा व्हॉल्व्ह उघडला. पन तिथली रेघ सरळच. कोणी पेयेच ना. ते परत गेलंच नाई."

"मंग?" हिरालालचा आवाज बारीक झाला होता.

"मंग रात्री त्यानं घरच्या नळाले सळई लावली. गट्. गट्. मंग बंद. काहीच नाई. तो कान काढणार... तं त्याले समजलं."

"काय?"

नानाजींनी आपल्या कानावर हात ठेवला.

"काय, नानाजी?"

"तिकडूनबी... कान लावला होता. ऊन श्वास आला. सळईतून. याच्या कानात."

हिरालालनं पाय बाजेवर ओढून घेतले.

"आणि मुलगा?" मी विचारलं. "त्याच्या मुलाचं काय झालं?"

नानाजी उठले, आत गेले, ती सळई घेऊन आले. "बदली झाली त्याची, तवा मले देऊन गेला. माळ्यावर पडून होती. या उन्हाळ्यात काढली अन् भितीले टांगली. हात लावून पाह्य."

अंगणातली बादलीसुद्धा कोरडी ठणठणीत होती. लाकडाची वाटी ओली होती. ओली आणि कोमट.

"कोणत्या भिंतीला टांगली?"

"तुमच्या बाजूच्या."

मी आत आले. शिकलेल्या बाईनं करायचा तो विचार केला. घाम असेल, लाकूड दमट असेल. तेवढ्यात मच्छरदाणीतून आवाज आला.

"आई, पाणी."

पेला भरला. आत दिला. रिकामा बाहेर आला.

या वेळी मी टॉर्च लावला.

भागू जागी होती. दोन्ही हात गालाखाली. ओठ सुकून तडकलेले. हनुवटी कोरडी. उशी कोरडी.

"भागू... प्यालीस ना, बाळा?"

घरी मी 'मला' शिकवते, ती अंगणातून 'मले' उचलते. त्या रात्री मी तिला सुधारलं नाही.

"मले नाई लागत तहान," ती म्हणाली. "तो म्हणते, तू माग. तुले आई देते." मग माझ्या मागं, भिंतीकडे बघत म्हणाली, "पन आता पाणी पुरत नाई म्हणते."