शेऱ्याचा रकाना

जूनचा तिसरा रविवार होता आणि श्रीरामपूरजवळच्या आमच्या बेलापूरच्या घरात दोन शाळांवरून भांडण चाललं होतं. माझा धाकटा भाऊ चेतन नगर-पुणे रस्त्यावरच्या निवासी शाळेचं गुळगुळीत माहितीपत्रक सगळ्यांच्या नाकासमोर धरत होता. त्याच्या बायकोला, शुभांगीला, राजूरच्या पुढची डोंगरातली शाळा हवी होती, कारण तिची मावसबहीण तिथं शिकून तहसीलदार झाली होती. ज्या मुलीसाठी हे चाललं होतं ती निकिता खिडकीत बसून केसांना फाटे फुटलेत का ते बघत होती.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"काहीपण चालेल, आत्या."

चौदा वर्षांची मुलगी. मोबाईलच्या कव्हरचा रंग ठरवायला तिला तीन आठवडे लागले होते.

आमच्या घरात मुलांनी बोर्डिंगात जायचं हे ठरलेलंच असतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, नगरला बोर्डिंगात शिकले. त्या वेळी आमच्या वस्तीतून हायस्कूलला जाणारे ते दुसरेच. मला त्यांनी सहावीत पाठवलं. चेतनला आठवीत पाठवलं, तो महिन्याभरात पळून आला, म्हणून तो कारखान्यात फिटर झाला, असं आप्पा त्याच्यासमोरच सांगत.

त्या दुपारी आप्पा मधोमध बसून जेवत होते. जेवताना ते कानातलं मशीन काढून शर्टाच्या खिशात ठेवत. चावण्याचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा येतो म्हणत. त्यामुळे घरातली सगळी भांडणं त्यांच्या जेवणाच्या वेळीच व्हायची.

त्यांनी ताट धुऊन पालथं घातलं, मशीन कानात घातलं आणि म्हणाले, "हं. कुठवर आलं?"

"आप्पा, तीस तारखेच्या आत प्रवेश घ्यायचाय," मी म्हणाले. "तुम्ही काय ते एकदा सांगा, म्हणजे हे दोघं गप्प बसतील."

"जेवून आल्यावर सांगतो."

"आत्ताच जेवलात ना!"

"इथं न्हाई. तिथं. मंगळवारी त्या हायवेवर जेवतो, बुधवारी राजूरला. गुरुवारी सांगतो."

"आप्पा, शाळा बघायचीय, खानावळ नाही."

"इमारत कुणीबी बांधतं, प्रज्ञा. वाढणारा माणूस ताटाकडं बघून वाढतो का तोंडाकडं, तेवढं बघायचं. आन् चव नोंदवही मागायची."

चव नोंदवही हे आप्पांचं खूळ होतं. पोरांना जेवण वाढायच्या आधी एका मोठ्या माणसानं ते खाऊन वहीत चव लिहायची आणि सही करायची, असा नियम असतो. बहुतेक ठिकाणी महिन्याची वही एका बैठकीत भरून टाकतात. आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक असताना रोज खाऊन, रोज लिहीत. 'भात मऊ. मीठ बरोबर.' सुटीच्या दिवशी घरी जेवतानाही कधी कधी हात वहीकडे जायचा.

"मग गुरुवारी नक्की?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. श्रीरामपूरला कॉलेजात माझे परीक्षेचे पेपर तपासायचे राहिले होते.

"नक्की. आन् तू निकिताला नीट विचार. ती चालेल म्हनती म्हंजे तिला काय पायजे ते कळलंय असं न्हाई."

सोमवारी सकाळी आप्पा उठले नाहीत.

*

मला रडू येत नव्हतं. चीड येत होती. शनिवारी जलदानविधी झाला, बुद्धवंदना झाली, माणसं पांगली आणि त्याच संध्याकाळी चेतननं दोन्ही फॉर्म माझ्यापुढे ठेवले. "ताई, आप्पा गेले, आता तूच ठरव. आमचं दोघांचं जमायचं नाही." म्हणजे जी जबाबदारी आप्पांवर ढकलायची होती ती आता माझ्यावर. मी संख्याशास्त्र शिकवते, म्हणून माझा निर्णय बरोबर येतो अशी घरात समजूत आहे.

आप्पांचं कानातलं मशीन दुकानदाराला परत द्यावं म्हणून शुभांगीनं माझ्या पर्समध्ये टाकलं होतं. ते घेऊनच मी सोमवारी निकिताबरोबर निघाले.

हायवेवरची शाळा सुप्याच्या अलीकडे आहे. काचेची इमारत, समोर हिरवंगार गवत, आजूबाजूला मैलभर कुसळं. ओंकार नावाचा एक तरुण आम्हाला फिरवत होता. तो प्रत्येक खोलीचं दार उघडून "आणि ही आपली" म्हणायचा. आपली डिजिटल लॅब. आपलं समुपदेशन केंद्र. अर्ध्या तासानं मी म्हणाले, "आपलं भोजनगृह कुठं आहे?"

तो थोडा थबकला. पालक तिकडे जात नसावेत.

काउंटरवर वाढणाऱ्या बाईनं आमच्याकडे पाहिलं, मग निकिताकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"त्या सरांच्यातल्याच का तुमी?"

"कुठले सर?"

"मंगळवारी आलते की. म्हातारे, पांढरा शर्ट. ही पोरगी नाकानं तशीच हाय. जेवताना कानातलं काढून खिशात ठिवलं. मी ईचारतेय भाजी घ्या, भाजी घ्या, आन् त्यास्नी ऐकूच यीना." ती हसली. "मग मशीन घालून मला म्हनले, बाई, चवीची वही आणा. मी म्हनलं आमच्यात तसलं नसतं. तर स्वताचं ताट धुऊन गेले."

ओंकारनं टॅबवर पाहिलं. "मंगळवारी कुणी व्हिजिटर नव्हते, मॅडम."

मंगळवारी आप्पांना जाऊन एक दिवस झाला होता. मी पर्समध्ये हात घातला. मशीन होतं. हाताला गार लागलं.

जिल्ह्यात पांढरा शर्ट घालणारे, कमी ऐकू येणारे, शाळा बघत हिंडणारे म्हातारे किती असतील याचा मी हिशेब करू लागले. बरेच असतील. निवृत्त शिक्षकांचा तर हा छंदच असतो. आम्ही जेवलो. जेवण चांगलं होतं, तीन भाज्या होत्या. बाई ताटाकडे बघून वाढत होती. एवढी मुलं असल्यावर दुसरं काय करणार?

"कशी वाटली?" परतीच्या बसमध्ये मी विचारलं.

"चालेल."

"निकिता, चालेल हे उत्तर नाही."

"मग मी म्हणाले तर तुम्ही ऐकणार आहात का?"

"म्हण तर."

"चालेल," ती म्हणाली. मला तिच्या दोन कानफटात द्याव्यात असं वाटलं.

*

गुरुवारी आम्ही अकोले गावात बस बदलली आणि राजूरहून पुढे जीपमध्ये स्वतःला कोंबून घेतलं. दोन्ही बाजूंना भाताची रोपं टाकलेली. धुकं खाली उतरलेलं. निकिताला मळमळत होतं आणि मी घरातल्या प्रत्येकावर मनातल्या मनात चिडत होते. आप्पांवर सगळ्यात जास्त. माणसानं निदान सांगून तरी जावं.

शाळा म्हणजे कौलारू खोल्यांची एक लांब रांग, व्हरांड्यात वाळत घातलेले शंभरेक गणवेश, दमट कापडाचा आणि चुलीच्या धुराचा वास. भागवत सर, मुख्याध्यापक, गुडघ्यापर्यंत पँट दुमडून नाल्यातला पाला काढत होते. त्यांनी हात पुसले, आम्हाला खुर्च्या दिल्या. त्यांनी काही दाखवण्याआधीच मी म्हणाले, "चव नोंदवही आहे का?"

त्यांचा चेहरा उजळला. "आहे की. आणि सध्या तर अगदी रोजच्या रोज भरली जाते. एक पालक येतात."

"कोण?"

"नाव विचारायला गेलो तर जेवत होते. ऐकू आलं नाही त्यांना. नंतर विचारीन म्हटलं, तर ताट धुऊन निघून गेलेले. कुणातरी मुलीचे आजोबा असतील."

त्यांनी वही माझ्या हातात दिली. लांबट, कडक पुठ्ठ्याची. तारीख, पदार्थ, चव, शेरा, सही.

आप्पा लिहिताना आधी शिरोरेघ ओढत. पट्टी न लावता, पूर्ण रकानाभर सरळ. मग तिला एकेक अक्षर खाली टांगत. शब्द लवकर संपले तर रेघ तशीच रिकामी पुढे जायची. असं लिहिणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

पहिली नोंद बुधवारची होती. अठरा तारखेची, पंचवीसची नाही. आप्पा गेले त्याच आठवड्यातल्या बुधवारची. 'भात मऊ. डाळीला फोडणी उशिरा. मीठ बरोबर.' सहीच्या रकान्यात नाव नव्हतं. नुसतं 'पालक'.

शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: 'मुलगी भेटली नाही.'

गुरुवारी: 'मुलगी भेटली नाही.' शुक्रवारी. शनिवारी, जेव्हा आम्ही घरी त्यांच्या फोटोसमोर बसलो होतो. रविवारी: 'मुलगी बाजारात गेली आहे असे कळले. भेटली नाही.' मग पुन्हा तेच, कालपर्यंत.

आजचीही नोंद होती. पदार्थ भरले होते, चव भरली होती. शेऱ्याच्या रकान्यात फक्त रेघ ओढलेली होती. अक्षरं नव्हती.

मी रेघेवर बोट ठेवलं. बोटाला शाई लागली.

"तुमच्या मुलीसाठीच येत असतील का ते?" भागवत सरांनी निकिताकडे बघत विचारलं. "पण ही तर आजच येतेय."

"भाची," मी म्हणाले. बोलले खरी, पण माझं लक्ष रविवारच्या ओळीवर होतं.

बाजारात गेली आहे.

हे वाक्य निकिताचं नाही. ते माझं आहे.

मी सहावीत होते. नगरच्या वसतिगृहात पहिला भेटीचा रविवार. आप्पा सकाळच्या गाडीनं आले होते. मी आरती नावाच्या मुलीला पुढे पाठवलं. तिला सांगितलं, सांग, बाईंबरोबर बाजारात गेलीय.

आणि मी न्हाणीघराच्या पत्र्याच्या दारामागे उभी राहिले.

पत्र्याला भोक होतं. त्यातून आप्पा दिसत होते. ते तीन तास बसले. मुलींची पंगत बसली तेव्हा त्यांनाही कुणीतरी ताट दिलं. ते रांगेच्या टोकाला बसून जेवले, ताट धुतलं, आरतीला विचारलं, "ती जेवती का पोटभर?" आणि गेले. मी हाक मारली नाही. पुढच्या तीस वर्षांत मी त्यांना हे कधी सांगितलं नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही.

जेवणाची घंटा झाली.

*

भोजनगृह म्हणजे फरशीचा एक लांब हॉल. मुली समोरासमोर दोन रांगांत बसल्या. भिंतीकडच्या रांगेच्या टोकाला त्यांनी एक जागा सोडली. कुणी कुणाला न सांगता, सवयीनं. तिथं ताट मांडलेलं होतं.

"तिथं आजोबा बसतात," एक मुलगी निकिताला म्हणाली. "तू इकडं बस."

निकिता त्या जागेच्या शेजारी बसली.

स्वयंपाकाच्या भागीरथीबाई वाढत आल्या. साठीच्या, पदर खोचलेल्या. प्रत्येक मुलीसमोर वाकायच्या, तोंडाकडे बघायच्या, मग पळी सोडायच्या. निकिताला वाढलं. पुढच्या ताटाशी वाकल्या. वर बघितलं. भात वाढला, डाळ वाढली आणि पळी मध्येच उचलली, समोरचा हातानं बास म्हणतो तेव्हा उचलतात तशी.

मी दारात उभी होते. माझ्या जागेवरून मला ताट दिसत होतं, भिंत दिसत होती.

निकितानं मान वर न करता मिठाची वाटी डावीकडे सरकवली.

"निकिता," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, आणि चेहरा मात्र तोच होता, चालेल म्हणतानाचा. हा चेहरा मी आधी कुठंतरी आतून ओळखत होते. पत्र्याला कपाळ टेकवून मी असाच चेहरा केला होता, हाक बाहेर पडू नये म्हणून.

मुली जेवत होत्या.

मी आत गेले. त्या ताटासमोर फरशीवर मांडी घालून बसले. पर्स मांडीवर घेतली. ती नेहमीपेक्षा हलकी लागली, पण मी उघडून पाहिली नाही.

ताटात भात नव्हता.

भागीरथीबाई माझ्यामागे येऊन थांबल्या. पळी त्यांनी पातेल्यात ठेवली.

"आता बोला, बाई," त्या हळूच म्हणाल्या. "आता ऐकत्यात ते."

मी निकिताचा हात धरला. तिला ऐकू जाईल, सगळ्या हॉलला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी म्हणाले, "आप्पा, मी बाजारात गेले नव्हते. मी दारामागेच होते. मला तिथं राहायचं नव्हतं, आप्पा, मला घरी यायचं होतं."