मथुराबाईंनी भरलेल्या बांगड्या

हे घडलेलं आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल इथेच थांबावं.

पेशवाईतलं पुणं. वैशाखाचे दिवस. शहरात पटकीची साथ शिरली आणि मुठेकाठची एक पेठ सगळ्यांत आधी रिकामी झाली. पेठेचं नाव लिहीत नाही. आज तिथे लोक राहतात.

माणसं नदी ओलांडून भांबुर्ड्याच्या माळावर झोपड्या घालून राहिली. त्यांत तुळजाबाई कासारीण होती. नवरा, मुलगा आणि नवी सून आनंदी, सगळे धडधाकट.

पेठेत असताना तुळजाबाईचं दुकान कधी चाललंच नाही. कारण समोरच मथुराबाईंचं दुकान होतं. मथुराबाई बांगड्या भरायच्या तेव्हा बाईला कळायचंही नाही. हात दाबणं नाही, ओरखडा नाही. बायका तासन्‌तास त्यांच्या ओट्यावर खोळंबायच्या. समोर तुळजाबाई माश्या मारत बसायची.

आतल्या आत जळायची.

साथीत मथुराबाईंच्या घराचं दार बंद झालं. पुढे काय झालं, कुणी पाहिलं नाही. जो तो आपला जीव घेऊन पळत होता.

माळावर मात्र तुळजाबाई एकटीच कासारीण. आयुष्यात पहिल्यांदा बायका तिच्यासाठी थांबू लागल्या.

पावसाळ्यानंतर साथ ओसरली. ‘पेठेत परत या’ म्हणून दवंडी पिटली गेली. कुणी हलेना.

मग एके दिवशी एक ओळखीची बाई तुळजाबाईच्या झोपडीवरून गेली...

तिचे दोन्ही हात हिरव्यागार नव्या बांगड्यांनी भरलेले होते.

“कुठे भरल्यास गं?”

“मथुराबाईंकडे. परतल्यात त्या पेठेत. मीही म्हणते, आता घरी जावं.”

दुसऱ्या दिवशी आणखी दोघी तशाच. माळावर बोचकी बांधली जाऊ लागली.

तुळजाबाईला घास जाईना. भर दुपारी ती एकटीच नदी उतरून पेठेत गेली.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दारं बंद. अंगणांत गवत गुडघ्याला लागत होतं.

आणि त्या ओट्यावर...

मथुराबाई बसल्या होत्या. पुढ्यात तीन-चार बायका. एकीचा हात त्यांच्या हातात.

“ये तुळजे,” मथुराबाई मान वर न करता म्हणाल्या. “माळावर बांगड्या भरतेस म्हणे. बायकांच्या हातांना तेल तरी लाव आधी.”

बायका हसल्या असाव्यात. तोंडं हलली. पण आवाज आला नाही. काचेवर काच घासत होती, तीही वाजत नव्हती.

तुळजाबाईच्या ते ध्यानातच आलं नाही. रागाने तिचे कान तापले होते.

माळावर परतल्यावर तिने जमलेल्या बायकांना सांगितलं, “मथुरा वैशाखातच गेली. तिची चिता मी या डोळ्यांनी पाहिली. तिथं जी बसते ती मथुरा नव्हे.”

तिने काहीही पाहिलं नव्हतं. थाप होती.

पण बांधलेली बोचकी त्याच संध्याकाळी सुटली. ज्यांनी बांगड्या भरल्या होत्या त्यांनी त्या वाढवून नदीत सोडल्या. त्या पेठेचं कुणी नाव काढेना. बैलगाड्या वळसा घालून जाऊ लागल्या. माळावर झोपड्यांच्या जागी मातीच्या भिंती आल्या, बाजार भरू लागला. नाक्यावरची जागा तुळजाबाईला मिळाली.

माघात भैरू तिच्या दुकानी आला. साथीत प्रेतं वाहणारा तो. लेकीला बांगड्या हव्या होत्या.

तुळजाबाई खुशीत होती. “आता त्या पेठेत मथुराबाई बसली असेल बघ एकटीच.”

भैरूने तिच्याकडे पाहिलं. “कोन, कासारीण? तिला तर म्याच न्हेली की. वैशाखात. समदं घरच गेलं, बाई. तुमी बगितलंय न्हवं? तुमीच सांगत फिरता.”

तुळजाबाईच्या हातातली बांगडी निसटली.

मग त्या दुपारी पेठेतल्या ओट्यावर कोण होतं? ‘ये तुळजे’ कोण म्हणालं?

दुकान तसंच टाकून ती घरी आली. आनंदी जात्यावर बसली होती. जातं घरघरत होतं. हात गरगर फिरत होता.

हातात नव्या बांगड्या होत्या.

“मी भरल्या नाहीत या,” तुळजाबाई कशीबशी म्हणाली.

आनंदी ओशाळली. “सासूबाई, रागावू नका. मघाशी मथुराबाई आल्या होत्या. म्हणाल्या, पेठेत आता कुणी येत नाही, म्हणून मीच माळावर आले. आता इथेच बसणार आहेत.”

“कुठे?”

“तुमच्या दुकानासमोर.”

आनंदीला पुढे काही झालं नाही. चांगली म्हातारी होऊन गेली. तेच कुणाला उलगडत नाही.

पण त्या क्षणी तुळजाबाईने सुनेचा हात ओढून घेतला. नजर आपोआप मनगटावर गेली. बांगड्या अगदी मापात बसल्या होत्या. ना दाब, ना ओरखडा.

आणि इतक्या भीतीतही तिच्या पोटात पहिल्यासारखंच जळलं.